काळ्या दगडाच्या मुलखातील जीवाश्म

छत्रपती संभाजीनगरच्या माणसाला दगडाची ओळख करून देण्याचे कारण नाही. घराच्या जोत्यापासून शहराच्या जुन्या दरवाजांपर्यंत आणि देवगिरीच्या तासलेल्या कड्यापासून वेरूळच्या कैलासापर्यंत आपला सारा इतिहास एकाच काळ्या दगडाशी बांधलेला आहे. म्हणूनच जीवाश्मांचा विषय निघाला की ह्या गावातला श्रोता एक प्रश्न हटकून विचारतो आणि तो अगदी रास्त आहे. इतर देशांत दगड फोडला की त्यातून मासे, शंख, पाने निघतात असे आपण वाचतो. मग आपल्या पूर्वजांनी शतकानुशतके एवढे डोंगर कोरले, कैलासासाठी वरपासून तळापर्यंत अख्खा कडा उतरवला, त्यात एखादे हाड, एखादे पान कसे सापडले नाही? आपल्या भूमीवर पूर्वी जीवच नव्हते काय?

ह्या प्रश्नाचे उत्तर देता देता जीवाश्म म्हणजे काय, तो कसा होतो आणि त्याचे मुख्य प्रकार कोणते, हे सारे सांगता येण्याजोगे आहे. त्यासाठी आपणांस परदेशी जाण्याची फारशी गरज पडणार नाही. बहुतेक उदाहरणे महाराष्ट्रातच मिळतील. एक तर पुष्कळांच्या घरच्या देव्हाऱ्यातच आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ पाहू. जीव आणि अश्म मिळून जीवाश्म. परंतु शब्दाच्या फोडीवरून जीवाचा दगड झालाच पाहिजे असे मात्र समजू नये. प्राचीन जीवाचे शरीर, शरीराचा एखादा भाग, त्याचा ठसा, किंवा त्याच्या वावराची खूण, ह्यांपैकी काहीही निसर्गतः भूस्तरांत टिकून राहिले असेल तर शास्त्रज्ञ त्यास जीवाश्म म्हणतात. प्राचीन म्हणजे किती, ह्याविषयी साधारण संकेत दहा हजार वर्षांचा आहे. पैठणच्या उत्खननात सातवाहनकालीन बैलाचे हाड निघाले तर ते पुराणवस्तूंत जमा होईल, जीवाश्मांत नव्हे.

आता तो होतो कसा, ते पाहू. गावाबाहेरच्या माळावर एखादे जनावर मरून पडले तर पुढे काय घडते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. कुत्री, कावळे, मुंग्या आपापला वाटा नेतात. उन्हाने हाडे भेगाळतात, पावसाने विखुरतात आणि चार-पाच पावसाळे गेले की तेथे जनावर पडले होते असे सांगूनही कोणास पटत नाही. निसर्गाचा हाच सर्वसाधारण नियम आहे. जे मेले ते मातीला परत द्यावयाचे आणि त्यातूनच नवे जीव उभारावयाचे. जीवाश्म हा ह्या नियमाला पडलेला अपवाद होय. म्हणूनच पृथ्वीवर होऊन गेलेल्या असंख्य जीवांपैकी अत्यंत थोड्यांची नोंद आपल्या हाती आली आहे.

हा अपवाद घडून येण्यास काही गोष्टी जुळून याव्या लागतात. तेच जनावर माळावर न मरता नदीच्या गाळात रुतून मेले आणि दोन दिवसांत आलेल्या पुराने त्यावर हातभर माती टाकली असे समजा. आता कुत्र्या-कावळ्यांचा उपद्रव संपला. मातीखाली हवेचा संचार कमी, म्हणून कुजण्याची क्रिया मंदावली. मांस गेले तरी हाडे, दात, शिंगे जागच्या जागी राहिली. पुढे वर्षानुवर्षे गाळावर गाळ चढत गेला. खालचा गाळ वरच्या भाराने दबून घट्ट झाला आणि अखेर त्याचा खडक झाला. ह्या काळात जमिनीतले पाणी त्या हाडाच्या सूक्ष्म छिद्रांतून झिरपत होते. पाणी तापवण्याच्या बंबाला आतून पांढरा थर चढतो तो पाण्यातल्या क्षारांचा, हे घरोघरी ठाऊक आहे. तसेच क्षार हाडाच्या छिद्रांत साचत जातात आणि हाड जड, घट्ट, दगडासारखे होते. शेवटी आणखी एक योग जुळावा लागतो. जमीन उचलली जाऊन किंवा नदीने काठ कापून तो थर उघडा पडला पाहिजे आणि पुढच्या पावसाने हाड वाहून नेण्यापूर्वी ते ओळखणाऱ्या माणसाची नजर त्यावर गेली पाहिजे.

थोडक्यात, जीवाश्माचे घर म्हणजे गाळाचा खडक. चिखलाचा, वाळूचा, चुन्याचा असा पाण्याने थराथराने रचलेला खडक. येथेच आपल्या मूळ प्रश्नाचे अर्धे उत्तर मिळते.

आपला काळा दगड पाण्याने रचलेला नाही. तो बेसॉल्ट होय, म्हणजे थिजलेला लाव्हा. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी ह्या भूमीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून तप्त शिलारस बाहेर पडून मैलोगणती पसरला. तो थिजला, त्यावर दुसरा थर आला, मग तिसरा. हे सारे दहा लाख वर्षांच्या आत मुख्यतः उरकले असे अलीकडील कालमापनावरून दिसते. त्यातून सुमारे पाच लाख चौरस किलोमीटर क्षेत्र आजही झाकलेले आहे आणि पश्चिम घाटात ह्या थरांची एकूण जाडी दोन किलोमीटरच्या घरात जाते. डोंगर पायऱ्यापायऱ्यांचे दिसतात म्हणून भूवैज्ञानिकांनी ह्या खडकाला दख्खन ट्रॅप हे नाव दिले. मूळ स्वीडिश शब्दाचा अर्थ पायरी असाच आहे. देवगिरी, वेरूळ, अजिंठा आणि विद्यापीठामागच्या डोंगरातली औरंगाबाद लेणी ही सर्व ह्याच पायऱ्यांत कोरलेली आहेत.

हा शिलारस बाहेर पडताना अकराशे अंश सेल्सिअसच्या आसपास तापलेला असे. त्याच्या वाटेत जे पान, जे जनावर आले असेल त्याची राख झाली. तेव्हा कैलासाच्या दगडात हाड निघाले नाही ह्यात नवल नाही. भूमी निर्जीव नव्हती. पण ज्या पानावर नोंद लिहिली जाते ते पानच आगीचे होते.

येथे कोणी म्हणेल की गाळाचे दगडही आपल्या घरात आहेत, त्यांचे काय? घरोघरी बसवलेली शहाबादी फरशी हा चुनखडीचा खडक, म्हणजे गाळाचाच. पण ती पंचावन्न कोटी वर्षांहूनही जुनी आहे आणि कठीण कवचाचे प्राणी तोवर समुद्रात अवतरले नव्हते. मकबऱ्याच्या घुमटाचा संगमरवर मूळचा चुनखडीचाच, परंतु भूगर्भातील उष्णतेने आणि दाबाने त्याचे स्फटिकीकरण झाले आणि त्यात पूर्वी काही खुणा असल्या तरी त्या पुसल्या गेल्या. म्हणजे खडक गाळाचा असणे पुरेसे नाही. तो योग्य काळाचा असावा लागतो आणि पुढे त्याची फार होरपळ झालेली नसावी लागते.

उत्तराचा दुसरा अर्धा भाग अधिक मनोरंजक आहे. ज्या लाव्ह्याने जाळले त्यानेच पुष्कळसे जपूनही ठेवले.

घाटरस्त्याने जाताना कापलेल्या डोंगराकडे लक्ष दिले तर काळ्या थरांच्या मध्येच कोठे कोठे विटकरी रंगाचा पट्टा दिसतो. एक लाव्हा थिजल्यानंतर दुसरा येईपर्यंत मध्ये जो काळ गेला त्यात झालेली ती माती होय आणि नंतरच्या लाव्ह्याने ती भाजून निघाली आहे. लाव्ह्याचे लोट सतत येत नव्हते. दोन लोटांमध्ये शेकडो, क्वचित हजारो वर्षांची उसंत मिळे. त्या अवधीत थिजलेल्या जमिनीवर झाडे वाढत, खोलगट भागांत तळी साचत, तळ्यांत गोगलगायी, मासे, बेडूक नांदत आणि तळाशी चिखलाचे थर बसत. मग पुढचा लाव्हा येई आणि त्या चिखलावर झाकण घालून टाकी. लाव्ह्याच्या प्रदेशाच्या पूर्व कडेस, म्हणजे नागपूर, वर्धा, चंद्रपूर आणि मध्य प्रदेशातील छिंदवाडा ह्या बाजूस, असे तळ्यांचे थर विशेष आढळतात. आपल्याकडे लाव्ह्याची दाटी अधिक, म्हणून ते विरळ.

नागपुरात १८४५ पासून राहणारे स्कॉटिश मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी आपले सहकारी रॉबर्ट हंटर यांच्यासह नागपूरजवळच्या टाकळी येथे ह्या थरांतून शंख, फळे, बिया आणि भुंग्यांच्या पंखांची कवचे गोळा केली व १८५५ पासून लंडनच्या भूवैज्ञानिक संस्थेच्या पत्रिकेत त्यांची माहिती प्रसिद्ध केली. हा गृहस्थ व्यवसायाने भूवैज्ञानिक नव्हता. फिरावयास जाताना पायाखालचा दगड पाहण्याची सवय, एवढीच त्याची तयारी. १८६३ मध्ये टाकळघाटहून परत येताना पुराच्या पाण्यात बुडून त्यांचा अंत झाला. महाराष्ट्रातील जीवाश्मांच्या अभ्यासाचा पाया घालणाऱ्यांत त्यांचे नाव घ्यावेच लागते.

आता जीवाश्मांचे प्रकार पाहू.

पहिला प्रकार प्रत्यक्ष अश्मीभवनाचा. वर सांगितल्याप्रमाणे छिद्राछिद्रांत खनिज भरते, किंवा मूळ पदार्थ कणाकणाने विरघळून जातो आणि त्याच जागी खनिजाचा कण बसतो. विदर्भातील तळ्यांच्या थरांत सापडणारे ताडाच्या जातीचे लाकूड हे ह्याचे उत्तम उदाहरण आहे. वर्धा जिल्ह्यातील नवरगावची अशी लाकडे प्रसिद्ध आहेत. हातात घ्यावे तर दगड, ठोकावे तर ठिणगी. पण पातळ काप करून सूक्ष्मदर्शकाखाली धरले तर लाकडातील रसवाहिन्या जशाच्या तशा दिसतात. हे घडवणारे द्रव्य म्हणजे सिलिका, आपल्या बोलीत गार. ती आली कोठून? मुख्यतः भोवतालच्या लाव्ह्यातूनच, झिरपणाऱ्या पाण्याबरोबर. आपल्याकडच्या शेतांत नांगराला लागणारे अकीक आणि गारगोट्या ह्याच द्रव्याच्या. खडकाच्या पोकळीत ते साचले तर अकीक होतो आणि झाडाच्या पेशीत साचले तर झाडाचा जीवाश्म होतो.

दुसरा प्रकार साच्याचा आणि ओतीव आकृतीचा. पितळेची मूर्ती ओतणारा कारागीर आधी मेणाची आकृती करतो, तिला मातीने लिंपतो, मेण वितळवून काढतो आणि पोकळीत धातू ओततो. निसर्गही तसेच करतो. शंख चिखलात पुरला जातो, चिखल घट्ट होतो, पुढे शंख विरघळून जातो आणि त्याच्या आकाराची पोकळी राहते, तो साचा. पोकळीत नवे खनिज भरले की ओतीव आकृती तयार होते. लाव्ह्यांमधल्या तळ्यांत फायसा नावाची गोड्या पाण्यातील गोगलगाय विपुल होती आणि तिच्या अशा आकृत्या पुष्कळ सापडतात. तिची ओळख सोपी आहे. बहुतेक शंखांचे वळण उजवे, हिचे डावे.

ह्याच वर्गात आपला शाळिग्राम येतो. नेपाळातील काली गंडकीच्या पात्रात मिळणारा तो गुळगुळीत काळा गोटा आणि त्यावरील चक्र मराठी घरांत पिढ्यान्‌पिढ्या पूजिले जाते. ते चक्र म्हणजे अ‍ॅमोनाइट नावाच्या सागरी प्राण्याच्या शंखाचे वळण होय. तो प्राणी आजच्या माकुळांचा दूरचा आप्त. सुमारे पंधरा कोटी वर्षांपूर्वी, आज हिमालय आहे तेथे टेथिस नावाचा समुद्र होता. त्याच्या तळच्या काळ्या चिखलात हे शंख पुरले गेले, त्यांच्याभोवती कठीण गोटे बनले, पुढे समुद्राचा तळच उचलला जाऊन पर्वत झाला आणि गंडकी आता ते गोटे डोंगरातून सोडवून खाली आणते. शास्त्राच्या ह्या माहितीने कोणाच्या श्रद्धेस बाध येतो असे आम्हांस वाटत नाही. जगातील सर्वोच्च पर्वत एके काळी सागराच्या तळाशी होता ह्याचा पुरावा आपण रोज तुळशीपत्र वाहून जपत आलो, ही जाणीव उलट आदर वाढवणारीच आहे.

तिसरा प्रकार कार्बनच्या ठशांचा. जुन्या पुस्तकात ठेवलेले पिंपळपान काढून घेतले तरी कागदावर त्याचा तपकिरी डाग उरतो. गाळाच्या दोन थरांत दबलेल्या पानातील इतर द्रव्ये अशीच निघून जातात आणि कार्बनचा पातळ पापुद्रा मागे राहतो. चंद्रपूर आणि कामठीच्या बाजूस सुमारे पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या, म्हणजे लाव्ह्याच्याही कितीतरी आधीच्या, खडकांत ग्लॉसोप्टेरिस नावाच्या वनस्पतीची जिभेच्या आकाराची पाने आढळतात. तिकडचा दगडी कोळसा झाला तो त्या काळच्या अशाच अरण्यांतून. हेच पान दक्षिण ध्रुवावरही मिळाले आहे. कॅप्टन स्कॉट यांची तुकडी १९१२ च्या जानेवारीत ध्रुवावर पोहोचली आणि परतताना उपासमारीने व थंडीने सर्वांचा अंत झाला. शोधपथकास त्यांचा तंबू सापडला तेव्हा त्यांच्या सामानात सुमारे सोळा किलो दगड होते. जीव वाचवण्यासाठीही त्यांनी ते टाकून दिले नव्हते. त्यांत ग्लॉसोप्टेरिसची पाने निघाली. विदर्भात आणि ध्रुवावर एकच झाड उगवत होते, म्हणजे ह्या भूमी कधी काळी जोडलेल्या असल्या पाहिजेत. त्या जोडलेल्या महाखंडास शास्त्राने दिलेले गोंडवन हे नाव आपल्याच गोंडांच्या प्रदेशावरून आले आहे.

चौथा प्रकार वावराच्या खुणांचा. ह्यात जीव स्वतः नसतो. त्याची पाऊलखूण, त्याचे बीळ, क्वचित त्याची विष्ठा असते. विष्ठेच्या नावाने नाक मुरडण्यापूर्वी चंद्रपूर जिल्ह्यातील वरोरा तालुक्यातल्या पिसदुऱ्याची हकीकत ऐकावी. तेथे डायनोसॉरांची हाडे मिळतात, तसेच त्यांच्या अश्मीभूत विष्ठेचे गोळेही मिळतात. भारतीय आणि परदेशी संशोधकांनी ते तपासले, तेव्हा त्यांत गवताच्या पेशींत साचणाऱ्या सिलिकेचे सूक्ष्म कण आढळले, आणि तेही निदान पाच प्रकारच्या गवतांचे. २००५ मध्ये हा शोध प्रसिद्ध झाला. तोपर्यंत गवत हे डायनोसॉरांच्या अस्तानंतरच पृथ्वीवर पसरले असा समज होता. डायनोसॉर काय खात होते हे हाडांनी सांगितले नसते. ते ह्या गोळ्यांनी सांगितले.

पाचवा प्रकार मूळ द्रव्य फारसे न बदलता टिकण्याचा. सैबेरियाच्या बर्फातील केसाळ हत्ती, झाडाच्या राळेत अडकलेला किडा ही त्याची उदाहरणे. दक्षिण गुजरातेत वस्तान येथील खाणीतल्या राळेत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे किडे पंखांसह मिळाले आहेत. आपल्या अगदी शेजारचे उदाहरण द्यावयाचे तर कन्नडचा घाट उतरून चाळीसगाव तालुक्यातील पाटणे येथे जावे. भास्कराचार्यांच्या नावाशी निगडित असलेले हेच ते पाटण. तेथे पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी केलेल्या उत्खननात शहामृगाच्या अंड्यांची कवचे मिळाली. त्यांतील एका तुकड्यावर माणसाने रेषा कोरल्या आहेत, काही तुकड्यांचे मणी केले आहेत. काळ सुमारे पंचवीस हजार वर्षांपूर्वीचा. ज्या सातमाळ्याच्या रांगेत पुढे पितळखोरे कोरले गेले तिच्या पायथ्याशी शहामृग धावत होते आणि त्यांच्या अंड्याच्या कवचावर नक्षी काढणारा माणूसही तेथे राहत होता!

प्रकारांची ही यादी आणखी लांबवता येईल. परागकणांसारख्या डोळ्यांना न दिसणाऱ्या जीवाश्मांवर स्वतंत्र व्याख्यान होऊ शकेल. त्यापेक्षा जीवाश्माचे वय कसे कळते हा श्रोत्यांच्या मनातला प्रश्न घेऊ. पन्नास हजार वर्षांच्या आतील अवशेषांत कार्बनचा एक किरणोत्सारी प्रकार उरलेला असतो, त्यावरून काळ काढतात. त्याहून जुन्यांना हा उपाय चालत नाही. तेथे पुन्हा लाव्हाच उपयोगी पडतो. त्यातील पोटॅशियमसारख्या द्रव्यांचे अत्यंत सावकाश होणारे रूपांतर मोजून तो केव्हा थिजला हे ठरवता येते. खालच्या आणि वरच्या लाव्ह्याचे वय कळले की मधल्या तळ्यातली गोगलगाय कोणत्या काळातली, हे आपोआप ठरते. मुंबईस वरळीच्या टेकडीत अशाच थरांतून इवल्याशा बेडकांचे सांगाडे निघाले आणि १८४७ मध्ये इंग्लंडातील रिचर्ड ओवेन यांनी त्यांचे वर्णन केले. डायनोसॉर हे नाव पाच वर्षे आधी घडवणारे ओवेन ते हेच. ज्या कालखंडात डायनोसॉर आणि अ‍ॅमोनाइट कायमचे नाहीसे झाले, त्याच्या आसपासचेच हे बेडूक. त्या विनाशाचे कारण मेक्सिकोच्या किनाऱ्यावर आदळलेला अशनी होता हे आता बहुतेकांना मान्य आहे. त्यात आपल्या लाव्ह्याचा वाटा किती, ह्यावर वाद अजून मिटलेला नाही.

आता आपल्या गोदावरीकडे वळू. लाव्ह्यांचे पर्व संपल्यावर कोट्यवधी वर्षांनी ह्या काळ्या दगडावर नद्यांनी गाळाचे काठ रचले. आपल्या भागातील जीवाश्म मिळतात ते मुख्यतः ह्या काठांत. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे ए. बी. विन यांना १८६० च्या दशकात पैठणजवळच्या मुंगी येथे गोदावरीच्या हाडे असलेल्या थरात अकीकाची एक छिलका मिळाली. ती पाण्याने फुटलेली नव्हती, माणसाने काढलेली होती. प्राचीन जनावरांच्या काळात येथे माणूस होता ह्याची भारतातील आरंभीच्या पुराव्यांत गणना होणारी ही छिलका. वरच्या अंगास नांदूरमधमेश्वर येथे एका अवाढव्य लुप्त हत्तीची कवटी मिळाली आणि जी. ई. पिलग्रिम यांनी १९०५ मध्ये तिची नोंद केली. बीड जिल्ह्यात उगम पावणाऱ्या मांजरेच्या खोऱ्यात तर हत्ती, रानबैल आणि घोड्यांबरोबर चक्क पाणघोड्याची हाडे मिळाली आहेत. आज ज्या मांजरेत उन्हाळ्यात डबकी शोधावी लागतात, तिच्यात बारमाही खोल पाण्यावाचून न जगणारा पाणघोडा डुंबत होता. दुष्काळ हा मराठवाड्याच्या कपाळी कायमचा लिहिला आहे असे मानणाऱ्यांनी हे हाड ध्यानात ठेवावे. हवामान बदलत आले आहे, बदलते आहे, आणि ते कसे बदलले ह्याची जुनी चोपडी ह्या काठांतच पुरलेली आहे.

ही चोपडी सध्या कशी हाताळली जात आहे, हे सांगितल्यावाचून आमच्याने राहवत नाही. नदीच्या पात्रातून आणि काठातून वाळू-मुरूम उपसताना थरच्या थर एका रात्रीत उचलले जातात. त्यात हाड असले तर ते यंत्राच्या तोंडी चुरा होते, नाही तर वाळूबरोबर एखाद्या इमारतीच्या पायात जाते. जे वीस-तीस हजार वर्षे टिकले ते एका पाळीत संपते. वाळूशिवाय घरे होत नाहीत हे आम्हांस कळते. पण उपसणाऱ्याने, पाहणाऱ्याने, शेताच्या मालकाने वेळीच ओळखले तर पुष्कळ वाचवता येईल.

ओळखण्याविषयी दोन गोष्टी सांगतो. पहिली, दिसते तो प्रत्येक जीवाश्म नव्हे. आमच्याकडे हौशी मुले अनेकदा नेच्याच्या पानासारखी काळी नक्षी असलेला दगड मोठ्या आनंदाने घेऊन येतात. ती नक्षी मँगेनीजच्या क्षारांची असते. भेगेत शिरलेल्या पाण्याने ती काढलेली असते आणि वनस्पतीशी तिचा संबंध नसतो. लेण्यांच्या वाटेवर विकावयास ठेवलेले शुभ्र, हिरवट, फुलासारखे स्फटिक हे झिओलाइटसारखी खनिजे. सुंदर खरे, पण जीवाश्म नव्हेत. मुलांना नाउमेद करू नये, कारण मोठेही फसतात. भीमबेटक्याच्या एका गुहेच्या छतावर पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या प्राण्याचा ठसा मिळाल्याचे २०२१ मध्ये जाहीर झाले आणि २०२३ मध्ये ते मधमाश्यांच्या जुन्या पोळ्याचे अवशेष ठरले. पहिल्या संशोधकानेही ती चूक मान्य केली. शास्त्राची प्रतिष्ठा अशा कबुलीनेच राहते.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. जीवाश्म सापडला तर तो उपटून घरी आणू नये. थरावाचून जीवाश्म म्हणजे पत्त्यावाचून पत्र. तो कोणत्या काठात, किती खोलीवर, कोणत्या मातीत, कशाच्या शेजारी होता, ह्यावरूनच त्याचा काळ आणि त्या काळचे हवामान कळते. मुंगीच्या छिलकेचे मोल ती हाडांच्या थरातच मिळाली म्हणून आहे. तीच नदीच्या वाळूत सुटी मिळती तर अकीकाचा एक तुकडा एवढीच तिची किंमत झाली असती. म्हणून जागेची खूण करावी, शेजारी काठी किंवा पट्टी ठेवून छायाचित्र घ्यावे, गाव-शिवार आणि तारीख लिहून ठेवावी आणि जवळच्या महाविद्यालयातील भूशास्त्राच्या अध्यापकास किंवा पुरातत्त्व विभागास कळवावे. पुरामुळे वा उपशामुळे तो नष्टच होणार असेल तर गोष्ट वेगळी; तेव्हाही ह्या नोंदी आधी कराव्या आणि मगच हात लावावा.

आरंभीच्या प्रश्नाकडे परत येऊ. कैलासाच्या दगडात हाड नाही, कारण तो दगड आगीतून आला. पण त्या आगीच्या दोन लोटांमध्ये तळी होती, तळ्यांत बेडूक आणि डावखुरे शंख होते, काठी ताडाची बने होती. आणि आग निवाल्यावर कितीतरी काळाने ह्याच दगडावर गोदावरीने माती पसरली, हत्ती आणि पाणघोडे आले आणि त्यांच्या मागोमाग त्याच दगडातला अकीक फोडून हत्यार करणारा माणूसही आला. ह्या इतिहासाचे बरेचसे दफ्तर अद्याप वाचावयाचे आहे आणि ते कोण्या दूरच्या संग्रहालयात नसून आपल्याच नद्यांच्या दरडींत आहे. पावसाळा सरल्यावर, पाणी उतरले की, श्रोत्यांपैकी चार जण जरी गोदाकाठच्या ताज्या कापलेल्या दरडीकडे थांबून पाहू लागले आणि दिसले ते नोंदवू लागले, तरी ह्या व्याख्यानाचे सार्थक झाले असे आम्ही समजू.